मंगळावरची संकष्टी

भालकीकर सर आमच्याकडे यायचे ते बसायला नव्हे, फेऱ्या मारायला. मी खुर्ची पुढे करायची, ते "हौ हौ, बसतो" म्हणायचे आणि खिडकीपासून फ्रीजपर्यंत, फ्रीजपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या सुरू करायचे. हातात चहाचा कप. त्यातला थोडा चहा बशीत, थोडा फरशीवर आणि उरलाच तर सरांच्या पोटात. मी पडले पुण्याची. पाहुण्यानं बसावं, चहा प्यावा, दोन शब्द बोलावेत आणि वेळेवर उठावं, एवढीच माझी अपेक्षा. नारायणगुड्यातल्या त्या इमारतीत आमची दारं समोरासमोर होती. बरीच वर्षं आम्ही शेजारी राहिलो, पण सरांनी ही अपेक्षा एकदाही पुरी केली नाही.

ते एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. मूळचे भालकीचे. निजामाच्या राजवटीत शाळेची पहिली वर्षं उर्दूतून झालेली, म्हणून गणिताला ते 'हिसाब' म्हणत आणि प्रश्नाला 'सवाल'. पोरांच्या उत्तरात दशांशचिन्ह एक घर सरकलं तर सगळे गुण कापत. "पूल पडला तर दशांशचिन्ह येऊन माफी मागणार आहे का?" हे त्यांचं वर्गातलं वाक्य गल्लीतल्या पोरांनाही पाठ होतं. आणि हे गृहस्थ विज्ञानकथा लिहीत. मराठीत, हैदराबादेत राहून. हे सगळं एका दमात ऐकल्यावर माझ्या भावानं पुण्याहून फोनवर "बरे आहेत ना ते?" असं विचारलं होतं.

मी तेव्हा तिथल्या एका मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढत असे. काढत असे म्हणजे ज्यांचे लेख हवे त्यांच्या मागे लागायचं, ज्यांचे नको ते मागे लागले की तोंड चुकवायचं, आणि सुलतान बाजारातल्या छापखान्यात बसून 'श'च्या जागी 'ष' आलाय का ते बघायचं. सर मला 'संपादकबाई' म्हणत. त्यात आदर किती आणि टिंगल किती, ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

त्यांचं एकच दुखणं होतं आणि ते दुखणं घेऊन ते आमच्या फ्रीजपर्यंत चालत येत.

"परग्रहावरच्या गोष्टी मी लई वाचल्या, संपादकबाई. सगळीकडं तेच. पहिल्या पानावर लेखक सांगून टाकतो, माणसानं धर्म सोडला. झालं! कधी सोडला, कुणी सोडला, सोडताना घरात भांडण झालं का नाही, काही पत्ता नाही. अहो, आमच्या घरी जुना पाट टाकायचा म्हटलं तर आठ दिवस चर्चा चालते."

"विज्ञान पुढे गेलं की देवाची गरज संपेल, असं म्हणायचं असेल त्यांना," मी म्हणायची.

"म्हणू द्या. पण पुढं? यानात पाचशे माणसं भरली. त्यात एक तरी आजी असेल का नाही? आजी असली की तिचा उपास असणार. उपास असला की तो सोडायची वेळ असणार. ती वेळ कोण सांगणार? सांगा!"

हे 'सांगा!' असं अंगावर यायचं की जणू यान खालीच उभं आहे आणि मी आजीला जिन्यात अडवून धरलं आहे. मी म्हणायची, "सर, बसा आधी." ते म्हणायचे, "हौ," आणि खिडकीकडे वळायचे.

सर स्वतः आस्तिक होते का? मी एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, "माहीत नाही. आणि माहीत नसलं की तसं कबूल करायचं, याचाच मला पगार मिळतो." देवळात गेले तर बाहेर चपला राखत उभे राहायचे. पण घरात धर्म ओसंडून वाहत होता, तो प्रमिलाकाकूंच्या रूपानं. काकू बुटक्या, गोऱ्या, हळू बोलणाऱ्या आणि ठरवलेल्या गोष्टीवरून तसूभरही न हलणाऱ्या. लग्नानंतर कितीतरी वर्षं मूल नव्हतं. कुणीतरी संकष्टी धरायला सांगितलं आणि वर्षाच्या आत वैजयंती झाली. तेव्हापासून काकूंची एक संकष्टी चुकली नव्हती. दिवसभर निर्जळी नाही, पण अन्नाचा कण नाही. रात्री चंद्र दिसला की अर्घ्य, मग जेवण. चंद्र बघायचं काम सरांचं. काकू खाली मोदक वळत बसायच्या आणि सर गच्चीवर फेऱ्या घालायचे. चंद्र इमारतींच्या वर आला की कठड्यावरून ओरडायचे, "आला गं!" आमची सगळी गल्ली त्या आरोळीवर जेवायची. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाईसुद्धा "सर अरिचारु", सर ओरडले, म्हणून पानं मांडायला घ्यायच्या.

त्या गच्चीवरच सरांना ती कथा सुचली असणार. कथेचं नाव 'मंगळावरची संकष्टी'. मंगळावर माणसांची वसाहत झाली आहे. तिथे एक आजी उपास धरून बसली आहे आणि सवाल पडला आहे, चंद्र कुठला धरायचा? मंगळाला चंद्र दोन. जवळचा इतका घाईचा की पश्चिमेला उगवतो, पूर्वेला मावळतो आणि दिवसातून दोनदा येतो. त्याच्यावर उपास सोडायचा तर सकाळचा नाश्तासुद्धा चुकायचा नाही. लांबचा इतका आळशी की एकदा मावळला की दोन-अडीच दिवस तोंड दाखवत नाही. त्याच्या भरवशावर बसलं तर आजी जायची.

ही कथा सरांनी पुण्याच्या एका मासिकाला पाठवली. संपादकांनी ती 'विज्ञानयुगातील कथेत व्रतवैकल्ये शोभत नाहीत' म्हणून परत केली. मग आमच्या अंकाला दिली, तर मंडळाचे अध्यक्ष, जे पेशानं वकील होते, म्हणाले, "ही आपल्या धर्माची थट्टा आहे." दोन्ही बाजूंनी थापा खाणाऱ्या मृदंगासारखी त्या कथेची गत झाली. मी मधला मार्ग काढला. छापायचं नंतर बघू, आधी एका रविवारी दुपारी मंडळात वाचन ठेवू. म्हटलं, पंधरा माणसं येतील, सरांची हौस फिटेल.

आली चांगली पन्नास, त्यात बायकाच जास्त. सर वाचत होते, म्हणजे व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते आणि कागद त्यांच्याबरोबर चालत होते. दोन चंद्रांचा मुद्दा आला आणि पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई मोठ्यानं म्हणाल्या, "जवळचाच धरावा. लेकराबाळांची घरं असतील."

"अहो, पश्चिमेला उगवणारा चंद्र कसा चालेल?" मागून दुसऱ्या. "उलटा चंद्र तो!"

"दोन्ही नकोत. आपला पृथ्वीचा धरावा. माहेरचा चंद्र आहे तो."

"तिथून दिसतो तरी का?"

"दिसायचं काय? पंचांगात वेळ असेल की!"

"आणि मंगळावर म्हणजे रोजच मंगळवार. सगळ्या संकष्ट्या अंगारकीच की हो!" यावर फार मोठा हशा झाला, पण दोघी-तिघी हसल्या नाहीत. पुण्य किती पडेल त्याचा हिशोब करत असाव्यात.

पुढचा अर्धा तास सरांना एक ओळ वाचता आली नाही. बायकांचे तीन तट पडले. जवळच्या चंद्रवाल्या, लांबच्या चंद्रवाल्या आणि माहेरच्या चंद्रवाल्या. अध्यक्ष टेबलावर पेन आपटत राहिले. गंमत अशी की कथेच्या न वाचलेल्या भागात नेमकं हेच होतं. शंभर वर्षांत मंगळावर तीन पंथ होतात आणि एकमेकांत मुली देईनासे होतात. सर व्यासपीठावर उभ्या उभ्या नाचायचे बाकी होते. "बघितलं का, संपादकबाई? मला शंभर वर्षं लागली. यांनी तासाच्या आत करून दाखवलं!" काकू कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. त्यांना कुणीतरी विचारलं, तुम्ही कुठला धराल? त्या म्हणाल्या, "मी मंगळावर जाणारच नाही."

मंगळावर नाही, पण अमेरिकेला जायची वेळ आली. त्या वर्षांत सगळ्यांचीच मुलं निघाली होती. गल्लीत केबल आली होती, अमीरपेठेत कॉम्प्युटरच्या वर्गांच्या पाट्यांवर पाट्या चढल्या होत्या, आणि कालपर्यंत गौलीगुड्याच्या स्टँडवर बसची वाट बघणारं पोरगं आज व्हिसाच्या रांगेत दिसायचं. वैजयंतीचा नवरा असाच डेट्रॉइटला गेला, मागून ती. तिला दिवस गेले आणि बाळंतपणाला काकूंनी जायचं ठरलं. काकूंना मधुमेह होता. गोळ्या मोजून दिल्या, डॉक्टरांचा कागद दिला. सरांना कॉलेज होतं, ते मागे राहिले. बेगमपेटच्या विमानतळावर काकू आत गेल्यावरही सर बाहेर तासभर इकडून तिकडे चालत होते, मी आणि माझा नवरा टॅक्सी धरून ताटकळत उभे.

सरांकडे फोन नव्हता. माझ्या नवऱ्याच्या कंपनीनं आम्हाला दिला होता, तेव्हा अमेरिकेचा फोन आमच्याकडे यायचा, इथली सकाळ असताना. बाळ सुखरूप झालं, मुलगी झाली, तो फोनही मीच घेतला. नंतर जूनमध्ये एका सकाळी वैजयंतीचा फोन आला तो रडतच. आदल्या दिवशी संकष्टी होती. तिकडे त्या दिवसांत सूर्यच मावळतो नऊच्या पुढे. चंद्र वर येईतो बारा वाजत आले. काकू अन्नाशिवाय, गोळ्या घेऊन, खिडकीशी बसून राहिल्या आणि अर्घ्याची वाटी हातात घेऊन उठताना कोसळल्या. साखर पार खाली गेली होती. दवाखान्यात न्यावं लागलं.

"बाबा, आई ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. मी बाळाला बघू का आईला बघू? तुम्ही सांगा तिला."

सरांनी काकूंना फोन द्यायला सांगितलं. सगळं जग हिसाबानं चालतं म्हणणारा माणूस त्या दिवशी अक्षरशः गयावया करत होता. "सोड ना. आजारी माणसाला सूट असते. शास्त्रातच आहे."

काकूंचा हळू आवाज मला रिसीव्हरबाहेर ऐकू येत होता. "सूट नको मला. कधी घेतली नाही, आता लेकीच्या घरी बसून घेऊ होय? इथं पंचांग मुंबईचं आहे, त्याची वेळ इथं लागत नाही. तुम्ही हिसाब करून इथली वेळ सांगा. त्या वेळेला सोडते."

पुढचे दिवस सरांनी मला वेड लावलं. त्यांनी त्या गावाचे अक्षांश-रेखांश काढले, हिसाब मांडला, तपासला, पुन्हा मांडला. पुढच्या संकष्टीला चंद्रोदय रात्री साडेअकराच्या आसपास. त्यात काडीचाही फरक पडत नव्हता. कागद घेऊन ते आमच्या घरात फिरत होते. "यात कुठं चूक सापडते का बघा," असं मला म्हणत होते, मला, जिला दहावीला गणितात जेमतेम काठावर सोडलं होतं.

त्याच आठवड्यात खुर्शीदसाहेब आले. सरांच्याच कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, सरांचे जुने मित्र, पांढरी दाढी, फार सावकाश बोलणारे. मंगळाच्या कथेवरून दोघांची नेहमी खडाजंगी व्हायची. सर विचारायचे, मंगळावर नमाजाला तोंड कुठे करणार? खुर्शीदसाहेब म्हणायचे, "अजी, जमीन दिखी तो जमीन की तरफ मुँह कर लेते. काबा जमीनपेच है ना!" जमीन म्हणजे त्यांची पृथ्वी. या उत्तरावर सर इतके खूश होते की ते त्यांनी कथेत जसंच्या तसं घातलं होतं. पण त्या दिवशी सरांनी कागद त्यांच्यासमोर टाकला आणि काकूंची गोष्ट सांगितली.

खुर्शीदसाहेबांनी हिसाब नीट वाचला. "हिसाब तो सही है."

"तीच तर पंचाईत आहे."

"हमारे पास बीमार पे रोजा नै. साफ हुकुम है."

"आमच्यातही आहे. पण ती सूट नको म्हणते. वेळ सांगा म्हणते."

खुर्शीदसाहेब दाढीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "भालकीकर साब, सारी जिंदगी आप बोले तो उनो खाना खाए. अब भी बोल देव."

"काय बोलू? खोटं बोलू?"

"मैं खोटा बोलो नै बोला. बोलो बोला."

ते गेल्यावर सर मला म्हणाले, "यानातला सवाल आता कळला, संपादकबाई. माणसाला सूट नको असते. वेळ हवी असते. आणि वेळ सांगणारा खोटारडा निघाला तर?" त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मला वाटत होतं, सरळ खोटं बोला आणि मोकळे व्हा. पण हा माणूस चुकीच्या दशांशचिन्हाला माफ न करणारा. त्याला हे सांगायचं कुणी?

ठरल्या सकाळी फोन वाजला. तिकडे संकष्टीची आदली रात्र होती. सर आमच्या बैठकीत चालत होते, ते तसेच तारेसकट फोन उचलून चालू लागले.

"आठ," ते म्हणाले. "संध्याकाळी आठला सोड."

मग काकू म्हणाल्या, "आठला इथं ऊन असतंय."

"हौ. तिकडं दिवस मोठा. म्हणून चंद्र उजेडातच वर येतो. दिसत नाही एवढंच. काळोख झाला की दिसतो."

मग काकू "बरं" म्हणाल्या आणि बाळाला सर्दी झालीय का काय ते सांगू लागल्या.

फोन ठेवून सर आमच्या मोरीत गेले आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. त्या काळात मला त्यांचा राग येत असे, कीव येत असे आणि मनापासून कौतुकही वाटत असे, ते सगळं एकदमच. काकू आठला जेवल्या. पुढच्या महिन्यात आठला जेवल्या. त्यानंतरच्याही. साखर जागेवर राहिली.

पण प्रकरण तेवढ्यावर थांबलं नाही. वैजयंतीनं पुढच्या एका फोनवर हसत सांगितलं, "बाबा, तुमचा आठचा नियम इथे सगळ्यांनी धरलाय! आमच्या भागातल्या मराठी बायका आता संकष्टीला आमच्याकडेच जमतात. सकाळी ऑफिसला जायचं असतं ना, बारापर्यंत जागणं कुणालाच जमत नव्हतं. आईनं सांगितलं, माझ्या यजमानांनी हिशोब करून दिलाय. कुणीतरी तो कागदावर लिहून झेरॉक्ससुद्धा काढलीय. तुम्हाला 'हैदराबादचे शास्त्री' म्हणतात!"

सरांचं तोंड पांढरंफटक पडलं. "शास्त्री? कुणाचा नियम? अगं, तो तुझ्या आईपुरता..." पुढचं बोलायची सोय नव्हती. खरं सांगावं तर काकूंना कळणार. वैजयंतीला कानात सांगावं तर ती पोटात ठेवणारी नाही.

काकू गुलाबी थंडी पडायच्या सुमारास परत आल्या, चांगल्या ठणठणीत. सर मात्र निम्मे झाले होते. काकू समोर नसताना ते मला म्हणायचे, "तिनं वैजूसाठी एवढी वर्षं पाळलेलं व्रत मी मोडलं. परत परत मोडलं. आणि तिला पत्ता नाही. ती मोदक वळते आणि मी गच्चीवर जातो, तेव्हा 'आला गं' म्हणायची लाज वाटते हो." मी म्हटलं, सांगून टाका. ते म्हणाले, "आणि तिला वाटलं, सगळं पाण्यात गेलं? मग?" आमच्या अंकासाठी मी त्या वर्षी अध्यक्षांशी भांडून मंगळाच्या कथेला जागा मिळवली होती. सरांनीच नको म्हटलं. "आता ती गोष्ट राहिली नाही, संपादकबाई. मी पंथ काढला, खरोखरचा. लेखकानं असं करू नये."

दोन वर्षं अशी गेली. त्या काळात सरकारी कंपन्यांतून माणसं कमी करायचं वारं सुरू झालं होतं. माझ्या नवऱ्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आम्ही पुण्याला परतायचं ठरवलं. निघायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, मी सरांकडे निरोप घ्यायला गेले. काकू स्वयंपाकघरात अंबाडीची भाजी निवडत होत्या. सर खिडकीशी. तेवढ्यात दारात एक तरुण मुलगी आली. पाचवा-सहावा महिना असावा. डेट्रॉइटला असते म्हणाली, सासर हैदराबादचं, सुट्टीला आली होती. नाव मृणाल. वैजयंतीकडे संकष्टीला जाते. आल्या आल्या ती सरांच्या पाया पडली.

"काका, एक विचारायचं होतं. आठचा नियम उन्हाळ्याचा ना? ॲक्चुअली हिवाळ्यात आमच्याकडे पाचलाच अंधार पडतो. मग तेव्हा किती वाजता सोडायचं? मला शुगर निघालीय, डॉक्टर म्हणतात उपाशी राहू नका. पण पहिलंच बाळ आहे, सोडवत नाही."

सर तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे काहीतरी आकडा सांगतील आणि सुटतील. पण त्यांचा चेहरा असा झाला की मी कपबशी खाली ठेवली.

"बाळ," ते म्हणाले, "आठ ही वेळ खोटी आहे. चंद्र तिकडं साडेअकराला येत होता. हिसाब माझ्याकडं आहे. मी मुद्दाम खोटं सांगितलं. माझी बायको उपाशी मरू नये म्हणून." शेवटचं वाक्य त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हटलं. तिथे काकू उभ्या होत्या, अंबाडीची जुडी हातात धरून.

मृणाल जराही दचकली नाही. "माहीत आहे आम्हाला, काका," ती म्हणाली. "बारा वाजता खिडकीत दिसतो की चंद्र. रात्री झोप लागत नाही, तेव्हा मी कितीदा पाहिलाय."

"मग मला कशाला विचारायला आलीस?"

"आपलं आपण ठरवलं की पळवाट काढल्यासारखं वाटतं. कुणीतरी मोठ्यांनी सांगावं लागतं."

सरांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते काकूंकडे बघत होते. "प्रमिला, मी तुझं व्रत..."

"मला कळलं नव्हतं होय?" काकू नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या. "संकष्टीचा चंद्र उन्हात उगवतो हे कुणी ऐकलंय का? तीस वर्षं उपास करायलेय मी. फोनवर तुमचा आवाज असा कापत होता, मला वाटलं हेच आता पडतात का काय. म्हटलं, हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलायलाय, तर गणपतीला काय अडचण असणार? जेवले पोटभर."

"आणि मला सांगितलं नाहीस? दोन वर्षं?"

"सांगितलं असतं तर पुढच्या महिन्याला तुम्ही खरी वेळ कळवली असती."

सरांचे डोळे भरून आले आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. काकूंनी जुडी ओट्यावर ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "आता पोरीला सांगा काय ते. लांबून आलीय बिचारी."

सरांनी कागद मागितला नाही, पेन्सिल मागितली नाही. मृणालच्या पोटाकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे.

"हिवाळ्यात सहा," ते म्हणाले. आवाज अजिबात कापला नाही.